थेंब लहान होत नाही

पडद्यावर महापुराची लाट इमारतीवर आदळते तेव्हा आपण लाटेची उंची बघतो, पण डोळा नकळत थेंब बघत असतो. जुन्या चित्रपटांतलं धरणफुटीचं दृश्य खेळण्यातलं वाटतं, ते बहुधा थेंबांमुळेच. धरण शंभरपट लहान बनवता येतं, पाणी नाही. पृष्ठताण, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग आवळून धरणारं बळ, आपला तोच राहतो आणि थेंबांचा आकारही बहुतांशी तोच ठरवतो. १:१०० प्रतिकृतीशेजारी उडालेला ५ मिलिमीटरचा थेंब म्हणजे पडद्यावर अर्ध्या मीटरचा गोळा!

वेळेचं गणित मात्र जुळवता येतं. ८० मीटरवरून निखळलेला दगड साधारण ४ सेकंदांत जमिनीवर येतो. १:१६ प्रतिकृतीत ही उंची ५ मीटर, म्हणजे जेमतेम १ सेकंद. मग सेकंदाला २४ ऐवजी ९६ फ्रेम टिपायच्या आणि नेहमीच्या वेगाने दाखवायच्या. दगड पुन्हा ४ सेकंद घेतो. प्रमाणाचं वर्गमूळ काढलं की कॅमेऱ्याचा वेग मिळतो. मला हे सूत्र फार सुंदर वाटतं.

थेंबांवर असा उपाय नाही. प्रतिकृतीच मोठी करावी लागते. २००४च्या सुनामीवरच्या ‘द इम्पॉसिबल’ (२०१२) या चित्रपटासाठी हॉटेलची तब्बल एक-तृतीयांश आकाराची प्रतिकृती उभारली आणि तिच्यावर खरं पाणी सोडलं. आगही अशीच हट्टी. ‘इंडिपेन्डन्स डे’मध्ये (१९९६) रस्ता गिळत येणारी आगीची भिंत दिसते. आग तर वर जाते, आडवी धावत नाही. म्हणून रस्त्याची प्रतिकृतीच उभी केली, कॅमेरा वर ठेवला आणि खाली स्फोट केला. ज्वाला आपल्या स्वभावाप्रमाणे वर चढल्या, पडद्यावर त्या रस्त्यावरून धावत आल्या.

मग संगणक कशाला? क्षितिजापर्यंतचा समुद्र कुठल्याच टाकीत मावत नाही, म्हणून. संगणक पाण्याचे बारीक घनाकार कप्पे पाडतो आणि प्रत्येकातला वेग व दाब क्षणाक्षणाला काढतो. कप्प्याची बाजू निम्मी केली की कप्पे आठपट होतात. त्यात काळाचे टप्पेही निम्मे करावे लागतात, म्हणजे काम सोळापट. त्यामुळे थेंब इथेही महागच पडतो.

म्हणून वाटणी होते. दूरची लाट संगणकाची. नटाच्या अंगावर आदळणारं पाणी खरं, कारण धडकेने जाणारा तोल आणि गुदमरलेला श्वास अभिनयातून पुरता उतरत नाही. दोन्हींचा उजेड जुळावा म्हणून सेटवर आरशासारखा चकचकीत गोळा ठेवून त्याचे फोटो घेतात. चहूबाजूंचा प्रकाश त्यात सापडतो आणि संगणकातली लाट त्याच प्रकाशात उजळते.

तरीही लाटेची कड कोरडी वाटली, तर काळ्या कापडासमोर खरं पाणी उडवून त्याचे तुषार चित्रित करतात. संपादनात काळं गाळलं जातं, आणि ते थेंब संगणकाच्या लाटेवर बसवले जातात.