छोट्या गावाचं पिण्याचं पाणी: वाळूच्या गाळणीपासून क्लोरीनपर्यंत

विहीर, बोअर किंवा नदीकाठची जॅकवेल (नदीचं पाणी उपसायला बांधलेली विहीर); मग निवळण टाकी, वाळूची गाळणी, क्लोरीन आणि उंच टाकी. छोट्या नळयोजनेची ही साखळी कुणी एका बैठकीत आखलेली नाही. दोनशे वर्षांत ती एकेक कडी जोडत तयार झाली.

पहिली कडी रोगाच्या भीतीने जोडली गेली नव्हती. स्कॉटलंडमधल्या पेझली गावात जॉन गिब यांचा कापड शुभ्र करण्याचा कारखाना होता. त्याला स्वच्छ पाणी हवं म्हणून १८०४ मध्ये त्यांनी नदीचं पाणी खडी-वाळूतून गाळायला सुरुवात केली आणि उरलेलं पाणी गाडीवर घालून गावात विकलं. १८२९ मध्ये अभियंता जेम्स सिम्प्सन यांनी लंडनच्या चेल्सी पाणीपुरवठा कंपनीसाठी अशीच मोठी गाळणी बांधली. पुढे १८५२ च्या कायद्याने लंडनमध्ये नदीचं पाणी गाळूनच देणं बंधनकारक झालं. तोवर हेतू एवढाच होता की पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसावं.

ही संथ वाळूगाळणी नेमकं काय करत होती, हे तिच्या बांधणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. पाणी तिच्यातून तासाला जेमतेम दहा-वीस सेंटिमीटर उतरतं. काही दिवसांत वाळूच्या माथ्यावर सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत थर धरतो आणि रोगजंतूंचा फडशा बराचसा तिथेच पडतो. थर फार दाट झाला की पाणी उतरेना होतं. मग वरची सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वाळू खरवडून काढायची आणि नवा थर धरेपर्यंत कळ काढायची. ही कळ न काढता गाळणी लगेच वापरात घेणं म्हणजे तिचा निम्मा उपयोग घालवणं.

तिची खरी परीक्षा १८९२ मध्ये झाली. जर्मनीतलं हॅम्बुर्ग शहर एल्बे नदीचं पाणी न गाळता देत होतं. शेजारचं आल्टोना त्याच नदीचं, पण हॅम्बुर्गचं सांडपाणी मिसळल्यानंतरचं पाणी उचलत होतं, मात्र गाळून. कॉलऱ्याने हॅम्बुर्गमध्ये आठ हजारांहून अधिक माणसं दगावली, आल्टोना बरंचसं वाचलं. दोन्हींची हद्द एकाच रस्त्यावरून जायची तिथे साथ एका बाजूला भडकली, दुसऱ्या बाजूला नाही. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी हा पुरावा मांडल्यावर गाळणीच्या उपयोगाबद्दल वाद घालायला फारशी जागा उरली नाही.

संथ गाळणीला जागा फार लागते. म्हणून अमेरिकेत जलद गाळणी पुढे आली: आधी तुरटीने गाळ बसवायचा, मग पाणी कितीतरी वेगाने वाळूतून काढायचं आणि वाळू उलट्या प्रवाहाने धुवायची. जागा वाचली, पण कौशल्याची गरज वाढली. पावसाळी गढूळ पाण्याला तुरटी किती, हे रोज तपासून ठरवावं लागतं. मोठ्या शहराला त्यासाठी केमिस्ट परवडतो. छोट्या गावात बहुधा पंप चालवणाऱ्यालाच ते पाहावं लागतं.

क्लोरीन सर्वांत शेवटी आला. इंग्लंडमधल्या लिंकन इथे १९०५ मध्ये विषमज्वराच्या साथीत जंतुशास्त्रज्ञ अलेक्झांडर ह्यूस्टन यांनी तो सतत वापरला. अमेरिकेत जर्सी सिटीच्या पाण्यात १९०८ पासून तो पडू लागला आणि तो वापरणं योग्य का, हा प्रश्न कोर्टात गेला; निकाल क्लोरीनच्या बाजूने लागला. त्याची मोठी सोय म्हणजे तो पाण्यात थोडा शिल्लक राहतो आणि पाइपातही राखण करतो. मात्र त्याला साधारण अर्धा तास द्यावा लागतो आणि पाण्यात घाण जास्त असेल तर तो तिच्यावरच खर्ची पडतो. म्हणून किती टाकला यापेक्षा किती उरला, ते मोजायचं असतं.

कॅनडातल्या वॉकर्टनमध्ये मे २००० मध्ये नेमकं तेच मोजलं गेलं नाही. जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव. जोराच्या पावसात शेतातल्या शेणखताचे जंतू एका उथळ विहिरीत उतरले आणि तिथला तुटपुंजा क्लोरीन त्यांना पुरला नाही. चौकशीत दिसलं की शिल्लक क्लोरीनचे आकडे वर्षानुवर्षं न तपासताच वहीत भरले जात होते. सात जण दगावले, दोन हजारांहून अधिक आजारी पडले. त्यानंतर ऑन्टारियो प्रांताने २००२ मध्ये पिण्याच्या पाण्याचा स्वतंत्र कायदा केला. पाणीयोजना चालवणाऱ्याच्या प्रशिक्षणाचे आणि परवान्याचे नियम कडक झाले आणि उद्भवाच्या (जिथून पाणी उचललं जातं त्या जागेच्या) आसपासची जमीन हाही पाणीपुरवठ्याचाच भाग धरला जाऊ लागला.