‘लोकनाट्य तमाशा’ : एका जोडनावाची पार्श्वभूमी

यात्रेच्या गावात तमाशाच्या फडाचा, म्हणजे कलावंतांच्या संचाचा, ट्रक शिरतो तेव्हा त्यावर मालकिणीचं किंवा मालकाचं नाव ठळक असतं आणि खाली ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’. गावात मात्र कुणी ‘लोकनाट्य आलंय’ म्हणत नाही. ‘तमाशा आलाय’ एवढंच. मग तो पहिला शब्द कुणाला वाचून दाखवण्यासाठी रंगवलेला असतो?

पेशवाईतले शाहीर, त्यांच्या लावण्या, पुढे गण (गणेशवंदना), गवळण (कृष्ण-गवळणींचा प्रसंग) आणि बतावणी (विनोदी संवाद) यांचा ठरलेला क्रम, हे बहुतेकांना ठाऊक आहे. वग, म्हणजे तमाशाच्या शेवटी होणारं कथानाट्य, त्यात तुलनेनं उशिरा आला. पहिला वग १८६५च्या सुमाराचा मानतात. त्यानंतर तमाशाचा साचा ज्याला गरज पडली त्यानं उचलला. जोतीराव फुल्यांच्या विचारानं चाललेल्या सत्यशोधकांच्या जलशांनी, म्हणजे प्रचाराच्या गाणं-संवादांच्या कार्यक्रमांनी, ढोलकी आणि सवाल-जवाब ठेवले आणि आशय बदलला. आंबेडकरी जलसे आणखी पुढे गेले, त्यांनी बाईचा नाच आणि पुराणातला देव दोन्ही बाजूला सारले. चाळीसच्या दशकात मुंबईच्या गिरणगावात डाव्या कलापथकांनी सोंगाड्याच्या, म्हणजे तमाशातल्या विनोदी नटाच्या, तोंडी सावकार आणि गिरणीमालकांवरचे टोमणे दिले. ‘लोकनाट्य’ हा शब्द रुळू लागला तो याच काळात. तेव्हा त्या शब्दाला कामगारवस्तीचा वास होता, सभ्यपणाचा नव्हे.

तो वास गेला कसा, हे समजायचं तर स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-चार वर्षांकडे पाहावं लागतं. १९४८च्या आसपास तेव्हाच्या मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली. कारण दिलं अश्लीलतेचं. फड थांबले, कलावंतांची पोटं थांबली नाहीत. अर्जविनंत्या झाल्या, समिती नेमली गेली आणि बंदी उठली ती अटींसह. त्यातली सर्वांत दूरवर परिणाम करणारी अट होती संहितेची : वग आधी लिहून द्यायचा, तपासणाऱ्या मंडळानं तो वाचायचा, मंजुरी मिळाली तरच बोर्डावर, म्हणजे रंगमंचावर, आणायचा.

ही अट वरून निरुपद्रवी दिसते. नाटकवाल्यांना ती फारशी जाचली नसती, कारण त्यांच्याकडे नाटक लिहिलेलंच असतं. वगाचं तसं नव्हतं. राजा, प्रधान, फितुरी, शेवटी न्याय एवढा कथेचा सांगाडा सगळ्यांना पाठ असायचा. बाकीचं बोलणं सरदार (फडाचा प्रमुख नट) आणि सोंगाड्या समोरच्या गर्दीकडे बघून उभं करायचे. काल ज्या चिमट्यावर शेजारच्या गावचा पाटील लाजला, तो आज या गावात सावकाराला काढायचा. वही मागितली की पहिला प्रश्न, लिहायचं काय? आणि लिहिणार कोण? फडातल्या कितीतरी जणांना अक्षरओळख नव्हती. तेव्हा शिकलेला कुणीतरी गाठायचा, त्यानं आपल्या समजुतीनं भाषा ‘शुद्ध’ करून द्यायची. मंजूर वही पेटीत आणि खरं बोलणं बोर्डावर, अशी वाट फडांनी काढली असणार हे उघड आहे. पण वही पेटीत असली तरी दबाव बोर्डावर असतोच.

बंदीच्या बाजूनंही म्हणणं होतं. दौलतजादेच्या, म्हणजे नाचणारीवर पैसे उधळण्याच्या, नावाखाली बाईला कसं वागवलं जायचं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सुधारणेच्या कात्रीला सापडले ते मुख्यतः शब्द आणि हावभाव. पैसा फेकणारा हात प्रेक्षकांत बसलेला होता, त्याच्याकडून कुणी वही मागितली नाही.

याच खटपटीत फडांनी नावाआधी ‘लोकनाट्य’ जोडलं. ‘तमाशा’ म्हटलं की भुवया उंचावतात, ‘लोकनाट्य’ म्हटलं की परवानगीच्या कागदावर सही होते. पुढे शहरानं हाच शब्द स्वतःसाठी घेतला. साठच्या दशकात ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य शहरी रंगमंचावर प्रचंड गाजलं. त्यात बतावणी होती, राजा होता, उत्स्फूर्त कोट्याही होत्या. ज्या उत्स्फूर्ततेसाठी फडांना वही मागितली गेली, तिचं तिकीट लावलेल्या नाट्यगृहात कौतुक झालं. कलावंत वेगळे, प्रेक्षक वेगळे, एवढाच फरक.

सिनेमानं दुसरं काम केलं. १९५९च्या ‘सांगत्ये ऐका’ या तमाशापटाला पुण्यात शंभराहून अधिक आठवडे गर्दी होती, त्यानंतर लाटच आली. फडातही सिनेमाची गाणी वाजू लागली आणि ‘रंगबाजी’, म्हणजे वगाआधीचा नाचगाण्याचा भाग, लांबत गेली. लावणी वगापासून सुटी झाली ती साधारण इथून. नव्वदच्या दशकात अकलूजच्या लावणी स्पर्धेनं संगीतबारीतल्या, म्हणजे वगाशिवाय फक्त नाचगाणं असलेल्या प्रकारातल्या, पारंपरिक लावणीला पुन्हा मान दिला, पण तो मान लावणीचा होता. जतन म्हटलं की लावणीच का पुढे येते, याचं उत्तर घड्याळात आहे. लावणी महोत्सवाच्या, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या, टीव्हीच्या पाच-सात मिनिटांत बसते. वग बसत नाही. हल्ली डीजेवरच्या नाचाला लावणी म्हणायचं की नाही यावर जो गदारोळ होतो, त्यातही वगाची आठवण कुणाला येत नाही.

घड्याळाचाच दुसरा फटका २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकारला वर्षातले फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते. नियम तमाशासाठी केलेला नव्हता. पण गण, गवळण, रंगबाजी उरकून वग उभा राहायचा तो मध्यरात्रीच्या सुमारास आणि संपायचा तांबडं फुटताना. कनातीत लोक जमायलाच नऊ वाजतात. तेव्हा शेवटचं जे असतं तेच कापलं जातं.

पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात चैत्रातल्या यात्रांच्या सुपाऱ्या, म्हणजे खेळांचे करार, ठरतात त्या मुख्यतः गुढीपाडव्याला. २०२०चा पाडवा २५ मार्चला होता, देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस. २०२१चा १३ एप्रिलला. दुसऱ्याच रात्री राज्यात कडक निर्बंध लागू झाले. दोन हंगाम राहुट्या उभ्या राहिल्या नाहीत. नंतर यात्रा पुन्हा भरू लागल्या, ट्रक निघाले आणि परवानगीच्या अर्जावर पुन्हा तेच जोडनाव लिहिलं गेलं.