घरासाठी ऑल-इन-वन प्रिंटर घेण्याआधी

प्रिंटरची किंमत विचारण्याआधी दोन गोष्टी मनाशी ठरवा: महिन्याला अंदाजे किती पाने छापणार आणि प्रिंटर सलग किती दिवस बंद पडून राहणार. गोव्यात घरगुती प्रिंटर वापरून झिजतात ते थोडे. पडून राहिल्याने आणि दमट हवेने बिघडतात तेच जास्त. म्हणून शेजाऱ्याकडे चांगला चाललेला प्रिंटर तुमच्याकडेही तसाच चालेल असे नाही.

सर्वात स्वस्त मिळतो तो कार्ट्रिजवाला प्रिंटर. खर्च मागाहून सुरू होतो. एचपीच्या ८०५ या काळ्या कार्ट्रिजमध्ये सुमारे १२० पाने निघतात, रंगीत कार्ट्रिजमध्ये १००. टाकीवाल्या प्रिंटरमध्ये शाई बाटलीतून ओततात; एपसनच्या ००३ शाईच्या ६५ मिलिलिटरच्या काळ्या बाटलीत ४,५०० पाने निघतात. खोक्यावरच्या एमआरपीला या आकड्याने भागा, एका पानाचा खर्च तुमच्यासमोर येईल. कंपन्या हा आकडा पानाचा साधारण पाच टक्के भाग काळा होतो असे धरून देतात. पानभर चित्र असलेला शाळेचा प्रोजेक्ट छापलात तर शाई कितीतरी लवकर संपते. टाकीवाल्या प्रिंटरची पहिली बाटलीही थोडी कमी पुरते, कारण तिच्यातली काही शाई नळ्या भरण्यातच जाते.

महिन्याला वीस-पंचवीस पानांच्या वर काम नसेल तर झेरॉक्सच्या दुकानात जाणेच परवडते. शाळेत जाणारी मुले आहेत, घरून कामकाज चालते, आठवड्यातून दोन-तीनदा तरी पान निघते, अशा घराने टाकीवाला घ्यावा. घर महिनोन्महिने बंद असते, चवथीला आणि मे महिन्यात तेवढे उघडते, अशांनी शाईच्या नादी लागू नये. त्यांच्यासाठी काळा-पांढरा लेझर. त्यातला टोनर म्हणजे कोरडी पूड, ती सुकण्याचा प्रश्न नाही. कॅननच्या एमएफ३०१० ला लागणाऱ्या ९२५ टोनरमध्ये सुमारे १,६०० पाने निघतात. मात्र लेझर कागद तापवून छापतो आणि त्या क्षणी शेकडो वॅट खेचतो. त्याला संगणकाच्या छोट्या यूपीएसवर किंवा घरच्या इन्व्हर्टरवर जोडू नका.

टाकीवाला घेताना काळी शाई कोणत्या प्रकारची आहे हे जरूर विचारा. कॅननच्या जी मालिकेतल्या बहुतेक प्रिंटरमध्ये आणि एचपीच्या स्मार्ट टँकमध्ये काळी शाई पिगमेंटची असते. ती कागदावर बसते आणि ओला हात लागला तरी सहसा पसरत नाही. एपसनची ००३ काळी शाई डायची, म्हणजे पाण्यात विरघळणारी. जुलैच्या पावसात जमिनीचा एक-चौदाचा उतारा पिशवीत घालून मामलेदार कार्यालयात न्यायचा असेल तर हा फरक जाणवतो. उलट चकचकीत कागदावर फोटो छापायचे असतील तर डाय शाईच चांगली.

स्कॅनरकडे बहुतेकजण पाहतच नाहीत. या प्रिंटरची काच ए-फोर मापाची असते, २१६ बाय २९७ मिलिमीटर. सेल डीड बहुधा लीगल कागदावर असते आणि त्याची लांबी ३५६ मिलिमीटर. म्हणजे खालचे सहा सेंटिमीटर कापले जातात, आणि सह्या-शिक्के नेमके तिथेच असतात. असे कागद वरचेवर स्कॅन करायचे असतील तर वरून कागद ओढणारा, लीगल घेणारा एडीएफ असलेला प्रिंटर घ्या. पण पोर्तुगीज काळातले जन्मदाखले आणि जमिनीचे जीर्ण कागद एडीएफमध्ये कधीही घालू नका, रोलर ते फाडतो. ते काचेवरच ठेवा. मोठा कागद असेल तर वरचा भाग एकदा, खालचा एकदा असे दोनदा स्कॅन करा. अक्षर वाचण्यासाठी ३०० डीपीआय (दर इंचाला इतके ठिपके) पुरते. ६०० ने फाइल मोठी होते आणि सरकारी संकेतस्थळ ती पुष्कळदा घेत नाही.

वायफाय जोडणीत अडते ते बहुधा एकाच ठिकाणी: स्वस्त प्रिंटर बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात आणि घरचा राउटर २.४ आणि ५ हे दोन्ही बँड एकाच नावाने दाखवतो. राउटरमध्ये २.४ ला वेगळे नाव द्या, प्रिंटर लगेच सापडेल.

आता सर्वात महत्त्वाचे. विजा चमकू लागल्या की आपण भिंतीवरचा स्विच बंद करतो. प्रिंटरच्या बाबतीत आधी प्रिंटरचे स्वतःचे बटण दाबा, दिवा विझेपर्यंत थांबा आणि मगच स्विच बंद करा. बटण दाबल्यावर शाईचे हेड आपल्या जागी जाऊन रबरी टोपीखाली बसते. भिंतीवरून तोडलेत तर ते उघडेच राहते, आणि नोझल (शाई फवारणारी बारीक छिद्रे) सुकायला तेवढे पुरते. आठवड्यातून एकदा नोझल चेकचे पान काढा. रेघा तुटक दिसल्या तर हेड क्लीनिंग करा, पण सलग तीनदाच. तरी फरक नसेल तर प्रिंटर बारा तास बंद ठेवून पुन्हा तपासा. प्रत्येक सफाईची शाई आतल्या गादीत जिरते. ती गादी भरली की प्रिंटर छापायचे थांबवतो. कॅननच्या जी २०२० आणि जी ३०२० मध्ये ती पेटी घरी बदलता येते. पुष्कळ मॉडेलांना सर्व्हिस सेंटर गाठावे लागते.

पावसाळ्यात कागद सर्दावतो, मग दोन-दोन पाने एकदम ओढली जातात आणि लेझरमधून वळलेली निघतात. ट्रेमध्ये वीसेक पाने ठेवा, बाकीचे रीम घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात. कागद ७५ जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचे माप) घ्या.

शाई भरताना बाटलीवरचा क्रमांक जुळवा. एपसनच्या जुन्या एल३८० ची ६६४ शाई एल३२५० मध्ये चालत नाही. पातळी खालच्या रेषेखाली गेली की नळीत हवा शिरते. चुकून दुसऱ्या रंगाच्या टाकीत ओतलीत तर प्रिंटर सुरूच करू नका, तसाच आमच्या दुकानात आणा. आणतानाही गाडीत सपाट ठेवून आणा, स्कूटरवर तिरका धरून नव्हे. टाकी कलंडली की शाई आतल्या सर्किटपर्यंत पोहोचू शकते.

बिल घेताना वॉरंटी घरी येऊन दुरुस्तीची की सेंटरवर नेऊन देण्याची, तसेच किती पानांपर्यंत आहे, हे लिहून घ्या. काणकोण, सत्तरी किंवा पेडण्याच्या ग्राहकाला सेंटरपर्यंतच्या खेपा मोजाव्या लागतात, म्हणून जवळचे सेंटर कोणत्या शहरात आहे हेही पैसे देण्याआधीच विचारा.