जुन्या मोटारसायकलचं रीपासिंग: आधी कागद, मग पाना

वर्षानुवर्षे जिन्याखाली धूळ खात उभी असलेली मोटारसायकल पुन्हा रस्त्यावर आणायची ठरली, की बहुतेक जण थेट मेकॅनिक गाठतात. टँकचा गंज, नवा पिस्टन, क्रोम, सीट यांत पैसे ओततात. मग चकचकीत गाडी घेऊन आरटीओत जातात आणि तिथे कळतं की गाडीची नोंदच संगणकात नाही, किंवा रंगाच्या थराखाली चासी नंबर, म्हणजे फ्रेमवर कोरलेला नंबर, वाचता येत नाही. गाडी हौसेने उभी करणाऱ्यांचा असा हिरमोड वारंवार बघितलाय, म्हणून महाराष्ट्रापुरती ही माहिती.

नियम सोपा आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८च्या कलम ४१ प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यापुढे दर वेळी ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. हेच रीपासिंग. अर्ज फॉर्म २५ मध्ये. पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी भंगारात काढायची सक्ती हा दिल्ली परिसरातला विषय आहे. आपल्याकडे गाडी तपासणीत पास झाली की पासिंग वाढतं. घाबरून कवडीमोलाने विकू नका.

मुदत मात्र लोक हमखास चुकीची वाचतात. ‘वाहन’ या सरकारी पोर्टलवर कराच्या रकान्यात ‘एलटीटी’ दिसतं, म्हणजे लाइफटाइम टॅक्स भरलेला आहे. त्याचा नोंदणीशी संबंध नाही, तरी ‘आमची गाडी लाइफटाइम आहे’ म्हणणारे भेटतातच. दुसरा घोळ ६० दिवसांचा. मुदत संपण्याआधी ६० दिवसांपासून अर्ज करता येतो, असा त्याचा अर्थ. मुदत संपल्यावर ६० दिवसांची सवलत मिळते, असं काहीही नाही. आणि वडिलांनी एकदा रीपासिंग केलं होतं म्हणून निश्चिंत असाल, तर ती ५ वर्षंही केव्हाच उलटून गेली असतील.

उशीर झाला की मोटारसायकलला दर महिन्याला ३०० रुपये जादा शुल्क लागतं. पाच वर्षांचा उशीर म्हणजे १८,००० रुपये. ‘गाडी चालवलीच नाही, मग दंड कसला?’ हा प्रश्न रास्त आहे, पण गाडी उभी होती की धावत होती हे नियम विचारत नाही. खिडकीवर वाद घालून रक्कम कमी होत नाही, रांग तेवढी लांबते. मूळ नूतनीकरण शुल्क त्यामानाने किरकोळ: १५ वर्षांवरच्या दुचाकीला १,००० रुपये, आणि ऑगस्ट २०२५च्या सुधारणेनंतर २० वर्षांवरच्या दुचाकीला २,००० रुपये. शिवाय पर्यावरण कर, जो दुचाकीसाठी पाच वर्षांचा २,००० रुपये लागत आलाय. पोर्टलवर एकूण आकडा बघा आणि मगच इंजिन खोलायचं की नाही ते ठरवा.

आता जिथे खरी गाडी अडते, ते मुद्दे.

पहिला: पोर्टलवर नंबर टाकला आणि नोंद सापडली नाही. हाताने लिहिलेल्या जुन्या आरसी बुकांच्या, म्हणजे नोंदणी पुस्तकांच्या, अनेक नोंदी संगणकात चढलेल्याच नाहीत, विशेषतः एमएच सुरू होण्याआधीच्या तीन अक्षरी नंबरांच्या. याला बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवून, घ्यावी लागते. ती जवळच्या आरटीओत होईल असं धरून चालू नका. गाडीची मूळ नोंद जिथे झाली त्या कार्यालयाच्या रजिस्टरवरून पडताळणी होते. मूळ बुक, ओळखपत्र आणि सवड घेऊन जा. रजिस्टर शोधणं हे त्यांचं काम असलं तरी पाठपुरावा तुम्हालाच करावा लागतो. बुक हरवलं असेल तर पोलिसांकडे तक्रार नोंदवून फॉर्म २६ने दुय्यम प्रत मागायची.

दुसरा: मालक. गाडी आजोबांच्या नावावर आणि आजोबा हयात नाहीत, हे तर नेहमीचंच. यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची नाहरकत शपथपत्रं लागतात. नियम म्हणतो, मृत्यूनंतर ३० दिवसांत कळवा आणि तीन महिन्यांत अर्ज करा. ज्या घरात सुतक आहे तिथे हे कोणाच्या डोक्यात येणार? मुदत उलटली तरी अर्ज करा, फार तर दंड भरावा लागेल. खरी अडचण शपथपत्रांची. एक भाऊ परदेशात, दुसऱ्याशी बोलणं बंद; दोघांच्या सह्या हातात आल्याशिवाय गाडीवर पैसे घालू नका. वाहन नोंदीत असलेल्या मोबाइलवर ओटीपी जातो आणि तो नंबर बंद असतो, हेही आधीच निस्तरून घ्या.

गाडी विकत घेतलेली असेल तर आणखी एक सापळा आहे. जुन्या मालकाने मालकी बदलण्याच्या कोऱ्या टीटीओ फॉर्मवर, म्हणजे २९ आणि ३०वर, सह्या करून दिल्या होत्या म्हणून लोक निवांत असतात. मालक मध्यंतरी वारला असेल तर त्या सह्यांना काही अर्थ उरत नाही. त्याच्या वारसांकडेच जावं लागतं.

तिसरा: एचपी, म्हणजे गाडीवरचा कर्जाचा बोजा. पंचवीस वर्षांपूर्वीचं कर्ज फिटलं, पण बुकावरचा बोजा उतरवलाच नाही. फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी लागते, आणि ती कोणाकडेच नसते. बँक विलीन झाली असेल तर आताच्या बँकेकडे जा. देना बँकेचं कर्ज असेल तर बँक ऑफ बडोदाकडे. फायनान्स कंपनीच बंद पडली असेल तर आरटीओला लेखी अर्ज देऊन पोच घ्या. तोंडी विचारलं की तोंडी नकार मिळतो.

चौथा मुद्दा मेकॅनिकला मोठ्याने वाचून दाखवा. फ्रेम सँडब्लास्टिंगला (वाळूच्या माऱ्याने गंज-रंग काढायला) देण्याआधी चासी नंबरचे स्पष्ट फोटो काढा, त्यावर कागद धरून पेन्सिलने ठसा घ्या आणि ती जागा झाकून मगच काम करायला सांगा. पावडर कोटिंगच्या जाड थरात नंबर बुजला की तपासणीत गाडी परत पाठवतात. अस्पष्ट नंबर स्वतः पुन्हा पंच करायचा तर विचारही नको. नंबरशी छेडछाड म्हणजे चोरीच्या गाडीचा संशय आणि पोलीस चौकशी. इंजिन बदललेलं असेल तर बुकातला नंबर जुळणार नाही. बदललेल्या इंजिनाचं बिल दाखवून तशी नोंद करून घ्यावी लागते. ‘मॅचिंग कागद मिळवून देतो’ म्हणणाऱ्या भंगारवाल्यापासून लांब राहा. रंग बदलायचा तर तोही आरसीवर असतो, हे रंगवण्याआधी आठवावं.

बाकी नेहमीचं: थर्ड पार्टी विमा, पीयूसी (प्रदूषण तपासणीचा दाखला), प्रलंबित ई-चलन असेल तर ते भरलेलं, पत्त्याचा पुरावा. पीयूसीत जुन्या टू-स्ट्रोक गाड्या अडतात. ३१ मार्च २००० पर्यंत तयार झालेल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएम इतकी सवलतीची मर्यादा आहे, त्यामुळे कार्ब्युरेटर नीट लावला आणि सायलेन्सरमधली काजळी काढली तर ती गाठता येते. आणि पीयूसीला किंवा आरटीओला गाडी टेम्पोत घालून न्या. पासिंग संपलेली गाडी चालवणं म्हणजे विनानोंदणी गाडी चालवणं. पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड. तपासणीला दिवे, हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक, आरसे बघतात. शर्यतीच्या गाडीसारखे आरसे आणि इंडिकेटर काढून टाकले असतील तर परत लावा.

काही जण व्हिंटेजची वाट धरतात. २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ रूपातली गाडीच त्यात बसते. तीस वर्षांची यामाहा आरएक्स १०० कितीही दुर्मीळ वाटली तरी बसत नाही. शिवाय नव्या नोंदणीला २०,००० रुपये, आणि रोजच्या वापराला बंदी. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती अशा ठरावीक कामांसाठीच बाहेर काढता येते. कामावर जायला गाडी हवी असेल तर साधं रीपासिंगच करा.

‘आमच्याकडे असं चालत नाही’ हे उत्तर ऐकायला मिळेलच, कारण प्रत्येक कार्यालय आपल्या पदरचा एखादा कागद जोडतंच. अशा वेळी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५चं नाव शांतपणे घ्या आणि नकाराचं कारण लेखी मागा. बऱ्याचदा तो जादा कागद तिथेच गायब होतो.

नवी आरसी हाती आली की इंजिन आणि चासी नंबर एकेक आकडा जुळवून बघा, मुख्यतः बॅकलॉग एन्ट्री झाली असेल तर. तीनचा आठ झालेला असतो, आणि ते कळतं एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेट, बुक करताना, पोर्टल तपशील जुळत नाही म्हणतं तेव्हा. चूक दिसली तर त्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज द्या.