पहाट (खानदेशातील)

आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत पहाट म्हणजे रात्रीचा शेवटचा प्रहर. उजाडले की 'सकाय' होते. अहिराणीत आणि लेवा बोलीत 'ळ'चा 'य' होतो, म्हणून सकाळची सकाय.

व्युत्पत्ती : पहाट हा शब्द सामान्यतः संस्कृत 'प्रभात'पासून लावतात. अडचण 'ट'ची आहे. दोन स्वरांमधला 'त' मराठीपर्यंत येताना बहुधा गळतो : माता–माय, घात–घाय. जवळच्या र-कारामुळे तो मूर्धन्य (ट-वर्गातला) झाला म्हणावे, तर 'प्रति'पासून पडसाद, पडछाया असे 'ड'चे शब्द मिळतात, 'ट'चे नाहीत. वर्त–वाट या जोडीत 'ट' आहे, पण तेथे मुळातच जोडाक्षर आहे. जुन्या मराठीत 'पाहणे' हे क्रियापद 'उजाडणे' या अर्थी येते (सं. प्रभाति). त्याला प्रत्यय लागून पहाट झाली असे मानणे त्यातल्या त्यात सोयीचे. मात्र चिकट, धुरकट यांतला 'ट' विशेषणे घडवतो, नामे नव्हे, हे ध्यानात ठेवावे. 'रामप्रहर' (बोलीत रामपारा) याचा संबंध पहाटे रामनाम घेण्याशी जोडतात. वैदिक संस्कृतात 'राम' म्हणजे काळा व 'राम्या' म्हणजे रात्र, त्यावरून 'काळोखाचा प्रहर' असा अर्थ काढण्याचा मोह होतो. पण मराठीत राम शब्द त्या अर्थी रुळलेला नाही आणि 'रामपारी उठला' म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात उजेडच असतो.

कालमान : अहोरात्राचे ३० मुहूर्त, एक मुहूर्त दोन घटिकांचा म्हणजे ४८ मिनिटांचा. रात्रीच्या पंधरांपैकी चौदावा तो ब्राह्ममुहूर्त. काहीजण शेवटचे दोन्ही मुहूर्त त्यात धरतात. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख (सुमारे शके ११२८) भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचे सांगतो, तेव्हा हे गणित या प्रदेशाला परके नव्हते. घड्याळाने मात्र गोंधळ वाढवला. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर बेतलेली. त्या मानाने जळगावचा सूर्य सुमारे २८ आणि नंदुरबारचा सुमारे ३३ मिनिटे मागे. (ही वेळ १९०६ मध्ये लागू झाली. त्याच वर्षी खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, हा योगायोग.) जळगावी मेच्या उत्तरार्धात सूर्य ५.५० च्या आसपास उगवतो, जानेवारीच्या मध्यास ७ वाजून गेल्यावर. म्हणजे रोज पाचाच्या गजराला उठणाऱ्याचा ब्राह्ममुहूर्त मेमध्ये संपत आलेला असतो आणि जानेवारीत सुरूही झालेला नसतो.

गावात अंदाज कोंबड्यावर आणि शुक्राच्या चांदणीवर. यातली चांदणी बेभरवशाची : शुक्र सलग आठ-नऊ महिने पहाटे दिसला की पुढे तितकाच काळ संध्याकाळी पश्चिमेला जातो.

व्यवहार : लवकर उठण्यामागे पुण्यापेक्षा कामाची आणि उन्हाची गरज अधिक दिसते. जळगाव-भुसावळकडे मेमधला पारा ४५ अंशांपुढे जातो. शेतातले काम नवाच्या आत उरकले तर उरकले. चक्की येण्यापूर्वी बायांची पहाट दळणाने सुरू होई. जात्याला येथे 'घरोटा' म्हणतात; बहिणाबाई चौधरींच्या (१८८०–१९५१) ओव्यांत हाच शब्द आहे. दोघी समोरासमोर बसत, एकाच खुंट्याला दोघींचे हात, ओवी एकीने उचलायची, दुसरीने पुरी करायची. दिवा जवळ नसला तरी अडत नसे. पीठ जाडे पडते की बारीक, हे चिमटीत धरून कळे.

कापूस वेचणीबाबत दोन मते आढळतात. गारव्यात पालापाचोळा मऊ असतो, त्याचा चुरा कापसाला चिकटत नाही, म्हणून सकाळी वेचावे असे एक. दवाने भिजलेला कापूस साठवणीत खराब होतो, म्हणून दव उतरू द्यावे असे दुसरे. व्यवहारात दव उडाल्यापासून ऊन तापेपर्यंतचे काही तास, असा मेळ घातला जातो. पंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली तर पहाट उठण्याची न राहता झोपायला जाण्याची वेळ होते.

कार्तिकात देवळांतून काकडआरती होते.

निव्वळ हौसेने पहाटे बाहेर पडणे बहुधा शहरी. जळगावात मेहरूण तलावाकाठी फेऱ्या होतात, धुळ्याचे लोक लळिंग किल्ला गाठतात. हिवाळ्यात हतनूर धरणाच्या पाण्यावर स्थलांतरित पक्षी उतरतात. धुके विरायच्या आत पोहोचलेल्याला ते आधी ऐकू येतात, मग दिसतात.