वर्गणी काढून निर्वासित कुटुंब बोलवायचं : कॅनडातल्या प्रथेची पार्श्वभूमी

व्हिएतनामचं युद्ध कसं संपलं आणि लोक पडावात बसून समुद्रात का निघाले हे बहुतेकांना माहितीये, त्यामुळे त्यात शिरत नाही. कॅनडात त्याआधीही निर्वासित येतच होते. १९७२ मध्ये युगांडातून हाकलले गेलेले आशियाई लोक आले, त्यात बरीच गोंयकार कुटुंबंही होती, पण तो सगळा कारभार सरकारी होता, विमानं सरकारने पाठवली आणि खर्चही सरकारचाच. सामान्य माणसाने खिशात हात घालून अनोळखी कुटुंबाची जबाबदारी घ्यायची ही वाट कायद्याने उघडली ती १९७८ मध्ये. चर्च घ्या, क्लब घ्या, नाहीतर सरळ गल्लीतले पाच जण. एक वर्षभर त्या कुटुंबाचं भाडं, जेवणखाण, कपडे, मुलांची शाळा सगळं तुम्ही बघायचं. विमानाचं भाडं मात्र त्या कुटुंबाच्या नावावर कर्ज म्हणून चढायचं आणि त्यावर व्याजही लागायचं, ते व्याज बंद व्हायला २०१८ उजाडलं!

सुरुवातीला या तरतुदीकडे फारसं कुणी फिरकलं नाही. नोव्हेंबर १९७८ मध्ये मलेशियाच्या किनाऱ्यापाशी व्हिएतनाममधून निघालेल्या अडीचेक हजार माणसांनी खच्चून भरलेलं एक जहाज अडकून पडलं, त्याचे फोटो टीव्हीवर आले आणि वारं फिरलं. १९७९ च्या उन्हाळ्यात ओटावाच्या महापौर बाईंनी आमचं शहर चार हजार जणांना घेईल असं जाहीर करून टाकलं आणि १२ जुलैच्या सभेला हजारो लोक आले. मग देशभर सुरू झालं, चर्चच्या तळघरात स्पॅगेटीची जेवणं, केक विकणं, जुनं सामान अंगणात मांडून विकणं. पैशाइतकंच वस्तूंचंही काम असायचं. मॉन्ट्रियल आणि एडमंटनच्या लष्करी तळांवर उतरलेल्या लोकांना गरम कोट-बूट मिळायचे, पण पुढे घर लावायचं म्हणजे गाद्या, भांडी, पोरांचे स्नोसूट हे सगळं स्थानिक गटाने गोळा करून ठेवायचं.

आता मुख्य भानगड. जुलै १९७९ मध्ये सरकारने सांगितलं की १९८० संपेपर्यंत व्हिएतनाम आणि आसपासच्या देशांतले पन्नास हजार निर्वासित आणू. आधी कबूल केलेले आठ हजार सोडले तर उरलेल्यांत हिशेब सरळ होता, लोकांनी एक आणला की सरकारही एक आणणार, एकवीस हजार तुमचे, एकवीस हजार आमचे. सरकारला वाटलं असेल की लोकांचा कोटा भरायला वर्ष-दीड वर्ष जाईल. तो चारेक महिन्यांतच भरला! आणि डिसेंबरच्या सुरुवातीला सरकारने काय करावं, तर म्हणे लोकांचा उत्साह एवढा आहे तर पन्नास हजारातला आमचा वाटा आम्ही कमी करतो, त्या जागा तुम्हीच भरा, आणि वाचलेला पैसा कंबोडियातल्या मदतीला देतो.

कागदावर बघितलं तर यात वाईट काही नव्हतं, कंबोडियात उपासमार होती हे खरंच. विरोधाचा दबावही होता, एका संघटनेने पेपरात पानभर जाहिराती देऊन हे पन्नास हजार लोक नातेवाईक आणून आणून साडेसात लाख होतील अशी भीती घातली होती, जनमत चाचण्याही फार अनुकूल नव्हत्या. पण वर्गणी काढणाऱ्यांच्या बाजूने बघा. त्यांना सांगितलं होतं तुमच्या एका कुटुंबामागे आणखी एक येईल, म्हणून ते दारोदार फिरले, आणि नंतर कळलं की त्यांच्या कुटुंबाने सरकारी जागा खाल्ली, एकूण आकडा जागच्या जागीच. चर्चवाले भयंकर भडकले आणि माझ्या मते बरोबरच भडकले. आठवड्या-दोन आठवड्यांत ते सरकारच पडलं (कारण बजेट, निर्वासित नव्हे), नव्या सरकारने एप्रिल १९८० मध्ये सरकारी खर्चाने आणखी दहा हजार जाहीर केले आणि एकूण आकडा साठ हजारांवर गेला. त्यातले निम्म्याहून जास्त लोकांच्या पैशावर आले. १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं निर्वासितांसाठीचं पदक अख्ख्या कॅनडाच्या जनतेला मिळालं, तोपर्यंत असं एका देशाच्या जनतेला कधी दिलं गेलं नव्हतं.

मधली वर्षं तशी शांत गेली, अर्जांच्या रांगा वाढत राहिल्या एवढंच. २०१२ मध्ये पाच जणांच्या गटांवर अट आली की आधीच निर्वासित म्हणून अधिकृत मान्यता मिळालेल्यांनाच बोलावता येईल. सप्टेंबर २०१५ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर बुडून वाहून आलेल्या त्या चिमुकल्या सीरियन मुलाचा फोटो आला आणि १९७९ सारखीच लाट उसळली, फक्त स्पॅगेटीच्या जेवणाच्या जोडीला ऑनलाइन वर्गणी आली. चौघांच्या कुटुंबाला वर्षाचे सत्तावीस ते तीस हजार डॉलर धरायचे, पैसे ट्रस्टच्या खात्यात दाखवायचे, फॉर्म भरायचे. पुष्कळ गट ‘तेराव्या महिन्याची’ धास्ती घेऊन असायचे, म्हणजे वर्ष संपलं, आपली मदत थांबली, आता त्यांचं घरभाडं कोण भरणार. आणि कुटुंब स्थिरावलं की तेच विचारतं, माझा भाऊ लेबनॉनमध्ये अडकलाय, त्याला आणता येईल का, त्यामुळे एका वर्गणीतून दुसरी निघायचीच.

जुना वादही मिटलेला नाही. २०२५ च्या सरकारी आराखड्यात सरकारी खर्चाने येणारे १५,२५० आणि लोकांच्या खर्चाने येणारे २३,००० असे आकडे होते, एकास एक कधीच मागे पडलं. त्यातच नोव्हेंबर २०२४ च्या शेवटी पाच जणांच्या गटांचे आणि स्थानिक संस्थांचे नवे अर्ज घेणं थांबवलं गेलं, कारण आधीचीच रांग आवरत नव्हती. ज्यांचा अर्ज आधी गेला ते रांगेत, आणि ज्यांची वर्गणी अजून जमतच होती त्यांना सरकारशी आधीच करार असलेल्या एखाद्या मोठ्या संस्थेच्या छत्राखाली जागा मिळते का हे बघणं आलं.