४१ तासांची कमान आणि ८० तासांची कमान

मध्यम किमतीचे ऑटोमॅटिक स्पोर्ट्‌स घड्याळ घ्यायला निघालेला माणूस पुष्कळदा सीको ५ स्पोर्ट्‌स आणि टिसो पीआरएक्स पॉवरमॅटिक ८० या दोन नावांपाशी येऊन थबकतो. पहिल्यातले ४आर३६ हे यंत्र पूर्ण चावीवर सुमारे ४१ तास चालते, दुसऱ्यातले पॉवरमॅटिक ८० हे यंत्र ८० तास. दुप्पट तास म्हणजे दुप्पट चांगले घड्याळ, असे काही जण धरून चालतात. मी तर रोजच घालणार, मला तासांशी काय करायचे, असे दुसरे म्हणतात. माझ्या मते दोन्ही म्हणणी अपुरी आहेत, कारण या आकड्याचा संबंध घड्याळ वेळ किती नेमकी दाखवेल याच्याशीही आहे.

अशी घड्याळे मनगटाच्या उष्णतेवर किंवा नाडीच्या ठोक्यांवर चालतात, हा समज मात्र आधी काढून टाकला पाहिजे. पारदर्शक मागच्या झाकणातून पाहिले की अर्धवर्तुळाकार जड रोटर दिसतो. हात हलला की तो फिरतो आणि डबीत गुंडाळलेल्या धातूच्या पट्टीला, म्हणजेच कमानीला, पीळ देतो. सीकोने १९५९ मध्ये आणलेल्या ‘मॅजिक लिव्हर’मध्ये दोन नख्यांची तरफ असते, रोटर कोणत्याही दिशेला फिरो, एक नखी दातेरी चाक ढकलते नाही तर दुसरी ते ओढते. टिसोमध्ये हेच काम दोन छोटी चाके करतात. निवड यावरून करण्याचे कारण नाही.

कमानीची ऊर्जा शेवटी बॅलन्स चक्राला मिळते आणि ते केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगच्या ओढीने मागेपुढे झुलत राहते. चक्राचा एका बाजूचा झोका म्हणजे एक ठोका; दोन्ही यंत्रांचे ठोके ताशी २१,६०० आहेत. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण केले तर सेकंद काट्याच्या दर सेकंदाच्या सहा बारीक उड्या मोजता येतात. पॉवरमॅटिक ज्या ईटीए या स्विस यंत्रनिर्मात्या कंपनीच्या २८२४ यंत्रावरून घडवले गेले, त्याचे ठोके ताशी २८,८०० होते आणि ते सुमारे ३८ तास चालत असे. ठोके कमी करून काय साधले? झोका तेवढाच मोठा ठेवला तर चक्राचा वेग वारंवारतेच्या प्रमाणात बदलतो, गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, आणि प्रत्येक झोक्यात तिचा ठरावीक अंश घर्षणात जात असल्यामुळे दर सेकंदाचा खर्च वारंवारतेच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. वारंवारता तीन चतुर्थांश केली की खर्च २७/६४, म्हणजे सुमारे ४२ टक्के उरतो.

परंतु डबीचा वेग मिनिट काट्याशी बांधलेला असतो, त्यामुळे ठोके कमी झाले म्हणून ती सावकाश फिरत नाही. वाचलेली ऊर्जा तासांच्या रूपात हवी असेल तर कमान कमी जोराची आणि जास्त वेढ्यांची करावी लागते. पट्टीचा जोर तिच्या जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो: लांबी-रुंदी तीच ठेवून जाडी १० टक्के कमी केली की जोर सुमारे २७ टक्क्यांनी घटतो. अशी पातळ पट्टी त्याच डबीत अधिक लांब बसते. शिवाय पॉवरमॅटिकमध्ये जिच्याभोवती कमान गुंडाळली जाते ती मधली दांडीही बारीक केली आहे, त्यामुळे आणखी वेढ्यांना जागा झाली. ४आर३६ चे ठोके तेवढेच असूनही तास निम्मे आहेत ते यामुळेच; ठोक्यांच्या आकड्यावरून तास ओळखता येत नाहीत.

कमान उलगडत जाते तसा तिचा जोर घटतो आणि झोका लहान होतो. डच शास्त्रज्ञ हायगेन्सने १६७५ मध्ये अशा सर्पिल हेअरस्प्रिंगचे घड्याळ जगापुढे मांडले. स्प्रिंग जितकी ताणावी तितक्या प्रमाणात ती मागे ओढते, या हूकच्या नियमाप्रमाणे अशा चक्राचा आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण झोक्याचा वेळ, झोका लहान-मोठा झाल्याने बदलायला नको. प्रत्यक्षात चक्राचा तोल किंचित ढळलेला असतो, ठोका देणारी यंत्रणा झोक्यात अडथळा आणते आणि झोका लहान झाला की हे दोष बळावतात. घड्याळ काढून २४ तास टेबलावर ठेवले तर ४१ तासांच्या कमानीची सुमारे ५९ टक्के चाल संपलेली असते, ८० तासांच्या कमानीची फक्त ३० टक्के. रोज दिवसभर हातात असेल, तर रोटर दोन्ही कमानी भरलेल्या ठेवतो आणि हा फरक जवळजवळ मिटतो. सीको ४आर३६ साठी दिवसाला ४५ सेकंद पुढे ते ३५ सेकंद मागे अशी मर्यादा सांगते. ही मर्यादा सैल वाटते, पण दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ४५ सेकंद म्हणजे जेमतेम ०.०५ टक्के.

टिसोची हेअरस्प्रिंग निव्हाक्रॉन या टायटॅनियमवर आधारित मिश्रधातूची आहे आणि चुंबकाचा तिच्यावर फारच कमी परिणाम होतो. साध्या स्प्रिंगचे वेढे चुंबकत्वाने एकमेकांना चिकटले की तिची उपयोगी लांबी घटते आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटे पुढे जाऊ लागते. रक्तदाबासाठी चुंबकी कडे घालणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो की रक्तातले लोह लोखंडाच्या खिळ्यासारखे चुंबकाकडे ओढले जात नाही. शेजारच्या घड्याळाची स्प्रिंग मात्र ओढली जाते.

पाण्यासाठी दोन्ही घड्याळे १०० मीटर दर्जाची आहेत. टिसोच्या सफायर काचेवर सीकोच्या हार्डलेक्स काचेपेक्षा ओरखडे कमी पडतात. शनिवार-रविवार घड्याळ काढून ठेवणाऱ्याने टिसो घ्यावे. रोज वापरणाऱ्याला सीको पुरेसे आहे. ते दोन दिवस पडून थांबलेच, तर हलवत बसू नये, चावीचे २०-३० वेढे द्यावेत आणि मगच वेळ लावावी.